दिल्लीहून ऑनलाइन घेतलेली जुनी गाडी फसवी निघाली, पैसे परत मागू की किंमत कमी करून ठेवून घेऊ?

गोदाकाठचा – १ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, आज अडचणीत सापडलोय म्हणून लिहितोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. घर नाशिकच्या सिडकोत, हॉस्पिटल मुंबई नाक्याकडे. येताना ती अगदी गळून गेलेली असते, रिक्षाचे धक्के सहन होत नाहीत, म्हणून चारचाकी घ्यायचं ठरवलं. बजेट साडेचार लाख. नाशकात दोन महिने फिरलो, त्या पैशात धड काही मिळेना. मग ऑनलाइन दिल्लीच्या एका डीलरची जाहिरात दिसली, २०१७ ची पेट्रोल गाडी, एकच मालक, ४३ हजार किलोमीटर. व्हिडिओ कॉलवर सगळी बाजूने दाखवली, इंजिन चालू करून आवाज ऐकवला. मी व्हॉट्सॲपवर विचारलं, ॲक्सिडेंट झालाय का, पाण्यात गेलीय का. दोन्हीला "नाही" असं लेखी उत्तर आलं. ४ लाख ३५ हजार आरटीजीएस केले, कॅरियरचे २२ हजार वेगळे. मे महिन्यात गाडी दारात आली, आईने ओवाळली.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि गाडीत कुबट वास यायला लागला. काचा आतून धुरकट व्हायच्या. एक दिवस उंटवाडीच्या सिग्नलला उभा असताना मागची काच आपोआप खाली गेली, आई मागे बसलेली, भिजली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन जुनं रेकॉर्ड काढलं तर एप्रिल २०२२ मध्येच ९६ हजार किलोमीटर झालेले! म्हणजे मीटर सरळ मागे फिरवलाय.

डीलर म्हणतो बिलावर "जशी आहे तशी" लिहिलंय, तुम्ही बघून घेतली, फार तर २५ हजार परत देतो. बिलावर खाली "वाद फक्त दिल्लीच्या कोर्टात" असंही छापलंय. एनओसी (तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र) महिन्यात देतो म्हणाला होता, ती पण नाही.

दिल्लीला खेपा घालणं मला शक्य नाही. प्रश्न एवढाच, पैसे परत मागून गाडी देऊन टाकू की काही रक्कम कमी करून घेऊन दुरुस्त करू? कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

पंचवटीकर – १ जुलै, रात्री १०:०५

फार वाईट वाटलं वाचून. आईंची तब्येत कशी आहे आता? आणि गाडी अजून तुमच्या नावावर झालेली नाही ना? झाली नसेल तर ते एका अर्थी बरंच आहे.

शेतकरी_निफाड – १ जुलै, रात्री १०:३०

राग मानू नका, पण साडेचार लाखांची वस्तू न बघता घेतलीच कशी? आम्ही बैल घेताना चार बाजार फिरतो, दात बघतो, चालवून बघतो. दिल्ली काही चंद्रावर नाही, एक तिकीट काढायचं होतं.

गोदाकाठचा – १ जुलै, रात्री ११:१०

निफाडकर भाऊ, बरोबर आहे तुमचं. पण घरात मी एकटा कमावता, आईला एक दिवस सोडून जाता येत नाही. शेजाऱ्यांवर टाकून दिल्लीला जायचा धीर झाला नाही. पंचवटीकर, आई बरी आहे, आणि नाही, आरसी अजून पहिल्या मालकाच्याच नावावर आहे.

सातपूरचा_गॅरेजवाला – २ जुलै, सकाळी ७:५०

दादा, आधी एक काम करा, गाडी उघडू नका आणि कोणाला उघडू देऊ नका. वास घालवायला म्हणून गालिचा धुऊन वाळत घातलात की पुरावा गेला. तीस वर्षं गॅरेज आहे माझं. २०१६ आणि २०१९ ला गोदेला पूर आला, सराफ बाजार, भांडी बाजारात पाणी शिरलं, त्यानंतर कितीतरी गाड्या आमच्याकडे आल्या. पाण्यात बसलेली गाडी वरून कितीही चकचकीत करा, चार जागा खोटं बोलत नाहीत.

पहिली जागा सीटबेल्ट. बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटचा हातभर भाग, जो रोजच्या वापरात कधी बाहेर येतच नाही. तिथे मातकट रेघ दिसली तर पाणी तिथपर्यंत चढलं होतं असं समजा. धुणारे लोक बाहेरचा भाग धुतात, गुंडाळीतला राहून जातो. बेल्टच्या खाली कापडी लेबल असतं, त्यावर तारीख असते, ती गाडीच्या वर्षाच्या बरीच नंतरची असेल तर बेल्ट बदललाय. दुसरी, सीटच्या खालचे रूळ आणि बोल्ट, तिथला गंज. तिसरी स्टेपनीचा खड्डा, जॅक उचलून त्याच्या खाली बोट फिरवा, बारीक गाळ लागेल. चौथी म्हणजे डॅशबोर्डखालचा फ्यूजबॉक्स, तिथे पांढरट-हिरवट बुरशीसारखं दिसतं.

काचांवरचा शिक्का पण बघा, सगळ्या काचांवर कंपनी आणि वर्ष जुळायला पाहिजे. बॉनेटच्या बोल्टवर पान्याचे व्रण असतील तर बॉनेट कधीतरी उतरवलेलं आहे.

हे सगळं करताना सलग व्हिडिओ काढा. सुरुवात नंबर प्लेटपासून, मग चेसिस नंबर, मग मीटर, मग या चार जागा. मध्ये थांबवू नका, नाहीतर दुसऱ्याच गाडीचा म्हणतील.

नाशिकरोडची_वकीलताई – २ जुलै, दुपारी १:१५

गॅरेजवाल्या काकांनी मोलाचं सांगितलं. आता कायद्याची बाजू.

दिल्लीला जायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. १९८६ च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती, समोरच्याच्या गावाला किंवा जिथे व्यवहार झाला तिथे जावं लागायचं. बिलावर "फक्त दिल्ली" छापलं म्हणून तुमचा हा हक्क जात नाही. ५० लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्हा आयोगाकडे येतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीच नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची.

"जशी आहे तशी" हे वाक्य दिसणाऱ्या दोषाला काही प्रमाणात लागू पडेल, टायर झिजलंय, रंग उडालाय वगैरे. तुम्ही थेट प्रश्न विचारला आणि त्याने लेखी खोटं सांगितलं, तिथे ते वाक्य त्याला वाचवणार नाही. मीटर फिरवून विकणं म्हणजे मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं, कायद्याच्या भाषेत अनुचित व्यापारी प्रथा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आजच्या आज त्याला लेखी कळवा की गाडी मला मान्य नाही, परत न्या. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ४२ सांगतं की वाजवी काळ उलटूनही माल ठेवून घेतला आणि नाकारतोय असं कळवलंच नाही, तर तो स्वीकारला असं धरतात. फोनवर भांडलात त्याचा उपयोग नाही. व्हॉट्सॲप, ईमेल आणि स्पीड पोस्ट, तिन्ही करा. नोटीस ही सक्तीची नाही पण पुढे फार कामाला येते.

चॅट डिलीट करू नका, फोन विकू नका, जाहिरातीचे स्क्रीनशॉट घ्या, ती उद्या काढून टाकतील. आयोगात हे दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५ब च्या जागी आलेलं.

आणि गाडी फिरवणं थांबवा. विमा दुसऱ्याच्या नावावर आहे, तुमच्या गाडीचं नुकसान झालं तर क्लेम अडकेल. शिवाय वापरत राहिलात तर समोरचा म्हणणार, वापरतायत म्हणजे चांगलीच आहे.

इंदिरानगरचा_राजा – २ जुलै, दुपारी ३:००

ताई, पोलिसात फसवणुकीची तक्रार केली तर? दिल्लीच्या डीलरला जरा धाक बसेल.

नाशिकरोडची_वकीलताई – २ जुलै, दुपारी ३:४०

करता येईल, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. पण ठाण्यात बहुतेक वेळा "हा दिवाणी वाद आहे" असं ऐकावं लागतं. लेखी अर्ज देऊन पोच घ्या, सगळी भिस्त मात्र त्यावर ठेवू नका.

ओझरचा_फौजी – २ जुलै, संध्याकाळी ६:२०

इथे एक गोष्ट जोडतो, वाचणाऱ्या इतरांसाठी. माझ्या मेव्हण्याला एका "लष्करी अधिकाऱ्याने" बदली झाली म्हणून स्वस्तात गाडी देतो सांगितलं, गणवेशातला फोटो, ओळखपत्र, सगळं पाठवलं, आधी गेटपासचे पाच हजार, मग ट्रान्सपोर्टचे अकरा, मग "परत मिळणारी" अनामत. गाडी नव्हतीच. आमच्या वर्दीचा असा वापर होतो तेव्हा जीव तळमळतो. तशा प्रकारात नोटीस वगैरेत वेळ घालवू नका, त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता आले तरच मिळतात. धागाकर्त्याचं प्रकरण वेगळं आहे, तिथे गाडीही खरी आणि दुकानही खरं.

कॉलेजरोड_मिसळप्रेमी – २ जुलै, रात्री ८:४५

वकीलताईंशी थोडा असहमत. कायदा चांगला आहे पण वेळ किती लागतो ते पण सांगा ना. कायद्यात तीन महिने लिहिलंय, मालाची तपासणी लागली तर पाच. माझी केस फ्रिजची होती, साधी केस, अडीच वर्षं चालली. शेवटी पैसे व्याजासकट मिळाले हे खरं, पण दर तारखेला अर्धा दिवस रजा. आजारी आई घरात असलेल्या माणसाला हे झेपेल का? मी असतो तर ५०-६० हजार कमी करून घेतले असते आणि गाडी दुरुस्त करून मोकळा झालो असतो.

सिन्नरची_सुनंदा – २ जुलै, रात्री ९:३०

आम्ही तेच केलं होतं, म्हणून सांगते, करू नका. मालकाकडून, डीलर नाही, एका घरगुती माणसाकडून गाडी घेतली होती कोल्हापूरकडची. नंतर कळलं २०१९ च्या पुरातली. तो म्हणाला ४० हजार परत देतो, विषय संपवा. आम्ही घेतले, त्याने लिहून घेतलं की आता काही तक्रार नाही. पुढच्या वर्षभरात वायरिंगवर आणि एअरबॅगच्या दिव्यावर ८५ हजार गेले आणि दिवा अजून पेटतोच. ग्राहक आयोगात गेलो तर समजलं की खासगी माणूस, जो गाड्यांचा धंदा करत नाही, त्याच्यावर तिथे केस होत नाही, दिवाणी कोर्टात जावं लागतं. आणि तिथे आम्ही लिहून दिलेला कागद आडवा आला.

गोदाकाठचा दादा, तुमच्याकडे दुकानाचं बिल आहे ना, जीएसटी नंबर असलेलं? मग तुमची बाजू आमच्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

पेठरोडचा_एजंट – ३ जुलै, सकाळी १०:१५

आरटीओच्या कामातला आहे म्हणून लिहितो. दिल्लीच्या गाड्या स्वस्त का, तर तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बरीच वर्षं बंदीची टांगती तलवार होती, आधी हरित लवादाचे आदेश, मग २०१८ ला सुप्रीम कोर्टाचा. म्हणून वय वाढत चाललं की लोक गाड्या बाहेर काढतात. स्वस्त म्हणजे खराबच असं नाही, मी स्वतः दिल्लीच्या चांगल्या गाड्या एमएच-१५ (नाशिक) करून दिल्यात. पण हिशोब पूर्ण करावा. नमुना २८ ची एनओसी, मग इथे पुन्हा नोंदणी, महाराष्ट्राचा कर वेगळा भरायचा आणि तिकडच्या कराचा परतावा तिकडे मागायचा. हे सगळं धरलं की फरक फारसा राहत नाही.

दुसरं, २०२२ च्या डिसेंबरमध्ये नियम आला, १ एप्रिल २०२३ पासून लागू. जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि मालकाने गाडी डीलरला दिली की नमुना २९सी मध्ये ऑनलाइन कळवायचं. मग कागदोपत्री जबाबदारी डीलरवर. त्याच्याकडे प्रमाणपत्राची प्रत मागा. नसेल तर तोही मुद्दा नोटिशीत टाका.

गोदाकाठचा – ३ जुलै, रात्री १०:५०

काल रात्री पाऊस थांबल्यावर पार्किंगमध्ये बॅटरी घेऊन बसलो. गॅरेजवाल्या काकांनी सांगितलं तसं केलं. ड्रायव्हरचा बेल्ट नवा आहे, लेबलवर २०२३. मागचा डावा बेल्ट ओढत ओढत शेवटपर्यंत नेला आणि तिथे वीतभर चॉकलेटी पट्टा, वरची कड अगदी सरळ रेघेत. बोटाने घासलं तर बारीक माती निघाली. हात थांबला माझा. याच सीटवर आई बसते.

जॅकखाली पण गाळ. सगळा व्हिडिओ साडेअकरा मिनिटांचा सलग काढलाय.

अजून एक, डीलरने दिलेल्या कागदात जुन्या पॉलिसींच्या प्रती आहेत. २०२२ च्या पॉलिसीत नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याची हप्त्यातली सूट) ५० टक्के लिहिलाय, २०२३ च्या नोव्हेंबरच्या पॉलिसीत शून्य. याचा काही अर्थ?

विमावाला_देवळाली – ३ जुलै, रात्री ११:२०

अर्थ आहे, मोठा आहे! बोनस ५० वरून शून्यावर येतो त्याची कारणं मोजकी. एक म्हणजे मालक बदलला, कारण बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. तुमच्या आरसीवर एकच मालक आहे म्हणजे ते नाही. दुसरं, पॉलिसी संपून ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला, तारखा जुळवून बघा. तिसरं, त्या वर्षात क्लेम घेतला. जुलै २०२३ मध्ये यमुनेने दिल्लीत २०८.६६ मीटर ही आजवरची सर्वात वरची पातळी गाठली होती. तुमची गाडी त्यातलीच असं मी म्हणणार नाही, पण बेल्ट २०२३ चा, बोनस २०२३ ला शून्य. नोटिशीत विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर टाकून लिहा की क्लेमची कागदपत्रं मी आयोगामार्फत मागवणार आहे.

कॉलेजरोड_मिसळप्रेमी – ४ जुलै, सकाळी ८:३०

मी माझा सल्ला मागे घेतो. बेल्टचं वाचून अंगावर काटा आला.

सातपूरचा_गॅरेजवाला – ४ जुलै, सकाळी ९:००

मूळ प्रश्नावर येतो, ठेवू की देऊ. इंजिनात पाणी गेलं असेल तर ते उघडून दुरुस्त होतं, त्याला अंदाज असतो, खर्च असतो. वायरिंगच्या जोडाजोडांत गेलेलं पाणी मात्र दोन-दोन वर्षांनी गंज धरतं, आज काच पडली, उद्या ब्रेकच्या सेन्सरचा दिवा, परवा कसारा घाटात रात्री गाडी बंद. एअरबॅग वेळेला उघडेल का, हे मी तीस वर्षांच्या अनुभवानेसुद्धा सांगू शकत नाही. तरुण पोरगं एकटं चालवणार असतं तर विचार केला असता. आजारी माऊलीला न्यायचं आहे. पैसे परत मागा.

लेखी तपासणी अहवाल मी लेटरहेडवर देतो, ठोकून ठोकून लिहीन. मात्र आयोगात मान्यताप्राप्त सर्व्हेअरचा अहवाल जास्त वजनदार ठरतो, तो पण एक करून घ्या. माझे पैसे नको.

गोदाकाठचा – ४ जुलै, दुपारी २:१०

काका, काय बोलू. येतो उद्या.

(तीन आठवड्यांनी)

गोदाकाठचा – २६ जुलै, रात्री ९:१५

घडलेलं सांगतो. ५ तारखेला काकांचा अहवाल, ८ ला सर्व्हेअरचा. ९ ला स्पीड पोस्टने नोटीस गेली, मसुदा वकीलताईंनी तपासून दिला. मागणी स्पष्ट लिहिली: ४ लाख ३५ हजार, कॅरियरचे २२ हजार, तपासणीचा खर्च, १५ दिवसांत. नाहीतर नाशिक जिल्हा आयोग. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर पण तक्रार नोंदवली, नंबर मिळाला.

दहा दिवस चिडीचूप. मग १९ ला डीलरचा फोन, आवाजच बदललेला. आधी ७५ हजार म्हणाला, मग एक लाख दहा. मोह झाला, खोटं कशाला बोलू. सुनंदाताईंचा प्रतिसाद पुन्हा वाचला आणि नाही म्हटलं. काल म्हणाला, ठीक आहे, गाडी कॅरियरवर चढवा, दिल्लीला पोचली की तपासून पूर्ण पैसे टाकतो. आता इथे अडलोय. गाडी आधी पाठवू का?

पेठरोडचा_एजंट – २६ जुलै, रात्री ९:२२

अजिबात नाही!!

नाशिकरोडची_वकीलताई – २६ जुलै, रात्री ९:५०

गाडी हाच तुमचा पुरावा आणि तीच तुमची पकड. ती गेली की दोन्ही गेलं. त्याला सांगा, तुझा माणूस नाशिकला पाठव, गाडी बघ, आरटीजीएस कर, खात्यात रक्कम दिसली की किल्ली. आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं, त्यामुळे "बँक बंद झाली, उद्या टाकतो" हे ऐकायचं नाही. यूटीआर नंबरचा (व्यवहाराच्या क्रमांकाचा) स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, स्वतःच्या बँकेत शिल्लक बघायची.

समझोता पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करा. त्यात तुम्ही काय सोडताय तेवढंच लिहू नका, तो गाडी का परत घेतोय तेही लिहा, म्हणजे मीटर आणि पाण्याचा उल्लेख आला पाहिजे. हीच गाडी तो पुढे कोणाला तरी विकणार आहे.

पेठरोडचा_एजंट – २६ जुलै, रात्री १०:१०

ताब्याच्या पावतीवर तारीख, वेळ, मिनिटासकट, मीटरचा आकडा, आणि घेणाऱ्याच्या लायसन्सची प्रत. त्या वेळेनंतरचे ई-चलान, अपघात त्याचे. फास्टॅग तुमच्या खात्याचा असेल तर काढून बंद करा, लोक हे हमखास विसरतात आणि महिनाभर टोल कापला जातो. सही केलेले नमुना २९, ३० (गाडी नावावर करायचे फॉर्म) कोरे पडले असतील तर परत द्या किंवा रेघ मारून रद्द करा, फोटो काढून ठेवा.

शेतकरी_निफाड – २६ जुलै, रात्री १०:४०

माणूस आला की मला फोन करा. मी आणि माझा पुतण्या येऊन उभे राहतो. बोलायला नाही, नुसतं उभं राहायला.

गोदाकाठचा – २ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

झालं. डीलरचा भाचा आणि एक ड्रायव्हर आले, इथे नाशकात द्वारकेला उतरले. त्यांनी तासभर गाडी बघितली. मी मागचा बेल्ट ओढून दाखवला तेव्हा भाचा काही बोलला नाही, नुसती मान खाली घातली. रक्कम ४ लाख ४५ हजारांवर ठरली, म्हणजे किमतीचे सगळे आणि कॅरियरचे दहा. बाकीचे १२ हजार आणि तपासणीचा खर्च मी सोडला. वकीलताईंनी आधीच विचारलं होतं की तेवढ्यासाठी दोन वर्षं लढायचंय का, मी विचार करून नाही म्हटलं. स्टॅम्प पेपरवर "मीटरमधील तफावत व पूर्वी पाण्यात गेल्याची चिन्हे" हे शब्द यावेत यावर मात्र अडून बसलो, भाच्याने मामाला चार फोन केले, शेवटी सही केली.

४:५२ ला खात्यात जमा. ४:५८ ला किल्ली दिली. निफाडकर भाऊ आणि पुतण्या चार तास उभे होते, येताना आईसाठी द्राक्षांचे मनुके घेऊन आले.

रात्री आईने विचारलं गाडी कुठे गेली. तिला पाण्याचं काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, परत केली, दुसरी बघू. सातपूरचे काका म्हणालेत, इथलीच बघा, मी सोबत येतो.

सातपूरचा_गॅरेजवाला – २ ऑगस्ट, रात्री ८:०५

येतो म्हणजे येतोच. अंबडला एका कंपनीतले साहेब निवृत्त झालेत, २०१८ ची गाडी, पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच सर्व्हिसिंगला. रविवारी सकाळी नऊला या. आईंना पण आणा, मागच्या सीटवर त्यांनी बसून बघितलं पाहिजे.